लंडनच्या नंबरावरचा पोरगा

निवृत्त होऊन घरी बसलो, तरी तो स्टीलचा डबा काही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका चोराच्या मागे थेट मध्य प्रदेशात जाऊन आलो. लोक त्याच गोष्टी विचारतात आणि मीही त्या रंगवून सांगतो, खोटं कशाला बोलू! पण कोणी मनापासून विचारलं, की साहेब, तुमचा स्वतःचा म्हणावा असा तपास कोणता, तर मी हा सांगतो. यात ना रक्त सांडलं, ना कोणाला बेडी पडली. नावं मी कोणाचीच घेणार नाही. माणसं साधी आहेत, आपापल्या घरी नांदत आहेत, त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही.

मी तेव्हा दर्यापूरकडच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. फार जुनी गोष्ट नव्हे. घरोघरी स्मार्टफोन आले होते आणि फोनवरच्या फसवणुकीच्या तक्रारी लिहून ठाणे अंमलदाराचा हात दुखायचा, ते हे दिवस. सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप तोंडाला लावतो, तोच बाहेर गलका झाला. खिडकीतून पाहिलं, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं उतरत होती. ट्रॉली भरून माणसं ठाण्यात आली की त्यातल्या अर्ध्यांना प्रकरण काय आहे तेच माहीत नसतं, हा माझा अनुभव. मी आमच्या जमादाराला म्हटलं, "ज्याचं दुखते तेवढ्यालेच आत घ्या. बाकीच्यायले झाडाखाली बसवा."

आत एक नवरा-बायको आले. माणूस पन्नाशीचा, घरची काळी जमीन स्वतः कसणारा, धिप्पाड, पण त्या दिवशी खांदे पडलेले. बाईच्या हातात फोन होता आणि तो तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्यांच्यासोबत गावचे एक पुढारीही घुसले आणि बोलायला त्यांनीच सुरुवात केली.

"साहेब, याच्या पोराले लंडनमंदी कोंडून ठेवलं. एजंटानं विकलं त्याले. आताच्या आता गुन्हा दाखल करा."

"पोरगा तुमचा का या दोघायचा?"

"यायचा."

"मंग तुमी बाहेर बसा. तिथंही पंखा आहे."

पुढारी गेले. बाईनं फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "साहेब, माह्या पोराच्या नंबरावरून भलताच माणूस बोलून राहिला."

हकिकत अशी. एकुलता एक मुलगा. अमरावतीला डिप्लोमा केलेला. नोकरीसाठी लंडनला जायचं ठरलं, अमरावतीच्याच एका एजंटानं कागदपत्रं केली. गावात केवढा आनंद! शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला, त्यावर मुलाचा कोट घातलेला फोटो आणि मागे विमान. वाजतगाजत मुंबईच्या गाडीत बसवून दिला. थोड्याच दिवसांत घरच्या फोनवर लंडनच्या नंबरावरून मेसेज आला, मी पोचलो. तेव्हापासून वर्षभर रोज मेसेज, चार-आठ दिवसांनी इंटरनेटवरून फोन. व्हिडिओ कॉल मात्र कधी नाही. कारखान्यात कॅमेरा चालत नाही, असं तो सांगायचा. मागून यंत्रांचा आवाज यायचा, म्हणून आईबापांना ते खरंच वाटत होतं.

आणि मग एके दिवशी त्याच नंबरावरचा मुलाचा फोटो गेला. त्याच्या जागी आला एक टकला, दाढीवाला गोरा माणूस, हातात भलंमोठं कुत्रं. आईनं नेहमीप्रमाणे बोलून मेसेज पाठवला, तर उत्तर इंग्रजीत, की तुम्ही कोण, मला त्रास देऊ नका. तिनं पुन्हा पाठवला, तर त्यानं तिला ब्लॉकच केलं. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच परदेशी नंबरावरून मराठीत मेसेज आला: "बाबा मी आहे. नंबर बदलला. काळजी करू नका." बापानं तो पुढाऱ्याला दाखवला. पुढाऱ्यानं निदान केलं, की ही पळवणाऱ्यांची टोळी आहे, आता पैसे मागतील, आणि तिथल्या तिथे तो नंबर ब्लॉक करून टाकला. फसवणुकीबद्दल आम्हीच गावोगाव जनजागृती केली होती, त्यामुळे त्या पुढाऱ्यावर मला धड रागावताही येईना.

"जेवण सोडलं तिनं, साहेब," बाप हळूच म्हणाला.

बाई माझ्याकडे पाहत म्हणाली, "पोराचा आवाज कानावर येईस्तोवर मी अन्नाले शिवत नाही." रडत नव्हती ती. रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते, हिची कशी घालायची? तिला शुगर होती. गावच्या डॉक्टरानं सलाईन लावायचं म्हटलं, तर तिनं सुई काढून फेकली होती. म्हणजे माझ्यापुढे नुसता हरवलेला मुलगा नव्हता. तो सापडायला उशीर झाला, तर ही बाई हातची जाणार होती.

मी मिसिंगची नोंद घेतली, दोघांचे जबाब घेतले. बाहेरचा जमाव एजंटावर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल करा म्हणून अडून बसला होता. त्यांना सांगितलं, की चौकशीशिवाय मी कोणाला उचलत नाही आणि चौकशीला मला कोणी घाई केलेली चालत नाही. माझा आवाज तेव्हा चांगला खणखणीत होता. ट्रॉली परत गेली.

एजंटाला आणायला माणूस पाठवायची गरजच पडली नाही. गावकऱ्यांनी आदल्या दिवशी त्याच्या ऑफिसचा बोर्ड फोडला होता. तो स्वतःच धावत आला. इस्त्रीचा शर्ट, बोटात अंगठ्या, बोलणं गोड. अशा माणसाला पाहिलं की पोलिसाच्या मनात पहिल्यांदा संशयच येतो, मी नाकारत नाही. आमच्या जमादारानं बाह्या वर केल्या. मी खूण करून त्याला बसवलं.

"कुठं आहे पोरगा?"

"साहेब, मले काय माहीत! तो गेलाच नाही."

"गेलाच नाही म्हणजे?"

"व्हिसा नाकारला त्याचा. मुंबईतच कळलं. पासपोर्ट परत देला, माही फी सोडून सगळं परत देलं. हात जोडून म्हणे, घरी तुमी सांगू नका, मीच सांगतो. आता हा माणूस वर्षभर सांगणारच नाही, हे मले का सपनात येणार होतं?"

मी त्याला तेच तेच उलटसुलट विचारलं. बसवून विचारलं, उभं करून विचारलं, मध्येच चहा पाजला आणि चहा पिताना विचारलं. नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. खोटं बोलणारा प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर घालतो, तिला सजवतो. खरं बोलणारा तेच रुक्ष वाक्य पुन्हा पुन्हा सांगतो आणि चिडत जातो. हा चिडत गेला. शेवटी तर टेबलावर हात आपटून म्हणाला, "गेला नाही, गेला नाही, गेला नाही! लिवून घ्या न तुमी!" जमादार उठला, पण माझं मत तिथंच झालं. हा माणूस गोड बोलून फी घेणारा असेल, पण या प्रकरणात तो खरं सांगत होता.

अडचण एकच होती. एजंट म्हणत होता, मुलगा गेला नाही. फोन म्हणत होता, मुलगा वर्षभर लंडनहून बोलतो आहे. आणि गाव फोनवर विश्वास ठेवत होतं. बाप तर मला नंबराच्या सुरुवातीचे आकडे बोटानं दाखवायचा, "हा लंडनचाच कोड आहे न साहेब?" कोड लंडनचाच होता, त्यात शंका नव्हती.

दोन्ही नंबर घेऊन मी अमरावतीला सायबरच्या मॅडमकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढी पोर, पण कामाची पक्की. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे दोन्ही नंबर भाड्याचे दिसतात. याला सिमकार्ड नसतं. काही वेबसाइट असे नंबर देतात. खातं उघडताना जो पडताळणीचा कोड येतो, तो त्या वेबसाइटवर येतो. तो टाकला की झालं, जगाच्या दृष्टीनं तुम्ही लंडनचे. बसा मग कुठंही."

"आणि हा कुत्रेवाला गोरा?"

"भाडं थांबलं की नंबर दुसऱ्याला जातो, सर. त्या दुसऱ्यानं त्याच नंबरावर आपला कोड मागवला, की आधीच्याचं खातं बंद."

मला ते लगेच कळलं. लॉजच्या खोलीसारखंच की हे! आपण भाडं भरलं नाही की किल्ली दुसऱ्याला, आणि घरच्यांनी त्या खोलीवर निरोप पाठवला तर तो भलत्याच माणसाला मिळणार. म्हणजे टकल्यानं कोणाला पळवलं नव्हतं. बिचाऱ्याला ही बाई कोणत्या भाषेत काय सांगते, हेच समजत नसणार.

खातं कुठून वापरलं गेलं ते कळावं म्हणून कंपनीला पत्र गेलं. बँकेला गेलं, पासपोर्टवाल्यांना गेलं. मुलाचा इकडचा जुना नंबर बंदच होता. पत्रांची उत्तरं येतात, मी नाही म्हणत नाही, पण ती आपल्या चालीनं येतात आणि इथं एक बाई उपाशी होती. शिवाय जमादारानं एक शंका काढली, आणि शंका रास्त होती. त्याचं म्हणणं, पोराचं काही बरंवाईट झालं असेल आणि दुसराच कोणी त्याच्या नावानं लिहीत असेल तर? मी म्हटलं, लिहील, पण बोलेल कसा? आईनं आवाज ऐकलाय आणि आई आवाजात चुकत नाही. मुलगा जिवंत आहे आणि तो लंडनला नाही, एवढं मी धरून चाललो. मग आहे कुठं?

अशा वेळी माझी एक पद्धत होती. कागद बाजूला ठेवायचा आणि घर पाहायला जायचं. माणूस ठाण्यात येऊन जे सांगत नाही, ते त्याचं घर सांगतं.

गावात शिरताना स्टँडवर तो फ्लेक्स दिसला. उन्हानं रंग उडाला होता, पण विमान आणि कोट अजून शाबूत. लोक त्या घराला आता "लंडनवाल्याचं घर" म्हणत होते, ते मला रस्ता विचारतानाच कळलं. घर नीटनेटकं, सारवलेलं. बाई भिंतीला टेकून बसली होती, तरी मला पाहून चहा मांडायला उठली. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातच बसलो आणि इकडेतिकडे पाहू लागलो. फळीवर भांडी ओळीनं मांडलेली. त्यात एक स्टीलचा कडीचा डबा, त्यावर घरधन्याचं नाव कोरलेलं. त्याच्या शेजारी तेवढ्याच डब्याची गोल जागा रिकामी.

"इथला डबा कुठं गेला, बाई?"

"तो लंडनले गेला," ती म्हणाली, अगदी सहज.

मी चहाचा कप खाली ठेवला. "डबा लंडनले जाते?"

"हाव. दोन डबे आहेत. एक जाते, एक येते. पोराले जवसाची चटणी लागते, तिखट पुऱ्या लागतात. तिथं कोण करून देणार? अकोल्याचा एक मित्र आहे त्याचा, त्याच्याकडचे लोक इमानानं लंडनले येणं-जाणं करतात. आपण डबा एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्याचा. मित्राचा नंबर आपल्याजवळ नाही, पोरगाच त्याले सांगते; तो अकोल्याच्या स्टँडवर घेऊन घेते. मंग रिकामा झाला का परत पाठवते."

"रिकामा परत येते?"

"असा कसा रिकामा येईन!" त्या अवस्थेतही बाई माझ्यावर थोडी उखडलीच. "रिकामा डबा कोणी देते का परत? पहिल्या खेपेले चाकलेट आले होते, गावात वाटले. मंग दर खेपेले मूठ-दोन मूठ डाळ राहते. त्या मित्राच्या घरची बाई चांगल्या वळणाची असन."

मी मूळचा चांदूर बाजारकडचा. आमच्याकडे शेजारणीचा डबा आला तर माझी आई संत्री, लिंबं, काहीच नसलं तर मूठभर साखर घालून तो परत करायची. रिकामा डबा परत करणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे आम्हाला शाळेत जाण्याआधी कळलेलं असतं. म्हणून डब्यात काहीतरी आलं याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते डाळीचं.

"ती डाळ आहे का घरात?"

तिनं एक काचेची बरणी काढून दिली. पोराच्या वाटेनं आली म्हणून तिनं ती शिजवलीच नव्हती, वेगळी ठेवली होती. खाली तूर, वर चणा, त्याच्यावर मूग, पुन्हा तूर. दुकानातल्यासारखी तेल लावून चकचकीत केलेली नाही. कोरडी, पिठूळ, तुकडे आणि सालं तशीच मिसळलेली, नुकती गिरणीतून पडलेली. मी अकोल्यात नोकरी काढली आहे. तिथल्या एमआयडीसीत डाळ मिलच्या रांगा आहेत आणि मिलमधली डाळ मी ओळखतो.

आता नीट विचार करा. मित्राच्या घरी बाई असती, तर डब्यात लाडू आले असते, चिवडा आला असता, काहीतरी घरचं, हातानं केलेलं. दर खेपेला कच्ची डाळ कोण घालतो? ज्याला चूल नाही, बायको नाही, आणि ज्याच्या हाताशी डाळच आहे, तो. आणि त्यालाही डबा रिकामा पाठवणं जमत नाही, कारण तो या बाईचा मुलगा आहे. सगळं जग फसवायला त्यानं लंडनचा नंबर घेतला होता, पण रिकामा डबा परत देण्याइतका काही तो बदलला नव्हता.

बाईला मी यातलं काहीच बोललो नाही. माझा अंदाज चुकला असता, तर तिला दुसरा धक्का सोसला नसता. मी फक्त म्हटलं, "ब्लॉक केलेला नंबर उघडा आणि त्याले लिवा, का डबा पाठवून राहिले, मित्राले सांग."

बापानं एकेक अक्षर शोधत लिहिलं. आम्ही तिघं फोनकडे पाहत बसलो. थोड्या वेळानं उत्तर आलं: "हो माय. सांगतो. तू जेवली का?"

बाईनं फोन हिसकावून घेतला आणि लगेच कॉल लावला. रिंग गेली, तिकडून कट झाली. मग दोन शब्द आले, कामावर आहे.

"त्यानंच लिवलं," बाप म्हणाला. "आता घासभर खा."

"लिवणं कोणीही लिवते. आवाज कुठं आला?" बाई म्हणाली. पुराव्याच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक होती, हे मला मान्य करावं लागलं.

मी तिला म्हटलं, डबा रिकामा पाठवला तरी माझं काम भागेल, तुम्ही त्रास घेऊ नका. तर ती पदर खोचून उठलीच. "रिकामा डबा पाठवू पोराले? असं का करता साहेब!" उपाशीपोटी बसून तिनं पुऱ्या लाटल्या, जवस भाजून कुटले. मध्येच तिला घेरी आली, नवऱ्यानं धरलं. पाणी पिऊन ती पुन्हा तळायला बसली. तो वास सगळ्या घरात भरला होता आणि करणारी बाई त्यातला कण तोंडात टाकत नव्हती. माझ्यानं तिथं बसवेना. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला ड्रायव्हरकडे डबा दिला. अकोला आमच्या हद्दीत नाही, म्हणून तिथल्या ठाण्याला रीतसर कळवलं, स्टेशन डायरीला नोंद केली. मी आणि जमादार साध्या वेशात आधीच स्टँडवर जाऊन बसलो. जमादारानं धोतर नेसून डोक्याला रुमाल बांधला होता आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी बरा शोभत होता.

गाडी लागली. माणसं उतरली. ड्रायव्हर खाली उतरून डबा हातात घेऊन उभा राहिला, नेहमीसारखा. आणि गर्दीतून एक तरुण आला. केसांवर, भुवयांवर पिवळट पीठ बसलेलं, तोंडाला बांधलेला रुमाल गळ्यात ओढलेला. फ्लेक्सवरच्यापेक्षा निम्मा झाला होता, तरी मी ओळखला. त्याच्या हातात पिशवी होती. त्यानं पिशवीतून दुसरा डबा काढून ड्रायव्हरच्या हाती दिला आणि हा घेतला. घेतल्याबरोबर त्यानं डब्याला हात लावून पाहिलं, गरम आहे का म्हणून.

जमादारानं मागून खांद्यावर हात ठेवला. "काय राजे, लंडनहून कधी आले?"

पोरगा पळाला नाही. तिथंच फलाटावर खाली बसला, डबा मांडीवर घेऊन. मी ड्रायव्हरकडून दुसरा डबा घेतला आणि झाकण उघडलं. तळाशी दोन मुठी तूरडाळ होती.

जवळच्या ठाण्यात एक खोली मिळाली. याची चौकशी मला करावीच लागली नाही, वर्षभराचं तुंबलेलं एकदम वाहिलं. मुंबईला व्हिसा नाकारल्याचं कळलं, परतीच्या गाडीत बसला, अकोल्याला उतरला. इथून पुढे घर तासाभराचं. तेवढा तासभर काही त्याच्यानं झाला नाही.

"दर्यापूरची गाडी समोर उभी होती, साहेब. चढलो नाही."

"काहून?"

"स्टँडवर उतरलं का पहिले माहाच फोटो दिसते. इमानासंग. कसा उतरू मी तिथं?"

मिलमध्ये काम मिळालं, राहायची सोय तिथंच. नंबर भाड्यानं मिळतात हे त्यानं एका व्हिडिओत पाहिलं होतं. आधी वाटलं, महिनाभर लंडन चालवू, तेवढ्यात दुसरा व्हिसा बघू. मग महिन्यामागून महिने गेले. यंत्राचा आवाज खरा होता, कामावर आहे हेही खरं होतं. एकदा भाड्याची तारीख हुकली आणि नंबर गेला. नवा घेतला, तर घरच्यांनी ब्लॉक केला.

"मंग अकोल्याच्या नंबरावरून फोन करता येत नव्हता?"

"किती खेपा लावला आणि रिंग जायच्या आधी कापला. काल मायचा कॉल आला, तोही कापला. तिचा आवाज ऐकला असता तर सगळं सांगून टाकलं असतं मी." मग खाली पाहत म्हणाला, "वाटलं, काही दिवसानं समजतील मेला म्हणून. इज्जत तरी राहीन."

इथं माझं डोकं फिरलं. मी उठून उभा राहिलो. "अबे इज्जतवाल्या! तुही माय जेवत नाही आहे! तुहा आवाज कानावर येईस्तोवर अन्नाले शिवणार नाही म्हणून बसली आहे. काल उपाशीपोटी पुऱ्या लाटताना चक्कर आली तिले. हा डबा त्याच पुऱ्यायचा आहे. खा आता!"

त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डबा टेबलावर ठेवून तो थेट दाराकडे चालू लागला, "चला साहेब, चला," एवढंच म्हणत. मी त्याला खांद्याला धरून परत बसवलं आणि त्याचाच फोन त्याच्या हातात दिला. "पहिले लाव. इंटरनेट नको, भाड्याचं काही नको. तुह्या अकोल्याच्या सिमवरून."

त्यानं लावला. पलीकडून आईचा आवाज आला, "कोण?"

"माय," तो म्हणाला.

मग तिनं विचारलं, "कुठून बोलून राहिला?"

"अकोल्यावरून."

आमचा जमादार तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायला लागला होता. मला वाटलं, आता ती रडेल, ओरडेल, लंडनचं विचारेल.

"अकोल्यावरून?" ती म्हणाली. "मंग तर जवळच आहे. ये. वरण टाकते."

तो फोनवर रडत एवढंच म्हणाला, की माय, स्टँडवर कसा उतरू. फोन बापाकडे गेला असावा, कारण पुरुषाचा खाकरल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दुपारी आम्ही जीपनं निघालो. पोरगा मागे दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसला होता. गाव जवळ आलं तशी त्यानं मान खाली घातली. स्टँड आला, तर जमादार म्हणाला, "मान वर कर बे, पाह्य तिकडं." पाहिलं, तर खांब मोकळे. बाप हातात विळा घेऊन उभा, काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. सगळ्या गावादेखत त्यानं स्वतः चढून तो कापून काढला होता. पुढारी बाजूला उभे होते. बापानं जीपमध्ये वाकून पोराकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतर. आता काही नाही तिथं."

घरी बाईनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला, हाताला लागलेलं डाळीचं पीठ पाहिलं आणि पहिल्यांदा रडली. मग आलेला डबा उघडला आणि त्यातलीच डाळ शिजायला टाकली. लंडनचं नाव तिनं काढलं नाही. ताटं वाढली तेव्हा मलाही बसवलं. तपासाच्या घरी मी कधी जेवत नाही, त्या दिवशी जेवलो. तिनं पहिला घास घेतला तो मी डोळ्यांनी पाहिला आणि मगच माझ्या ताटाला हात लावला.

मिसिंग प्रकरण "मिळून आला" अशा शेऱ्यानं बंद झालं. कोणाला लुबाडलं नव्हतं, कोणाची तक्रार उरली नव्हती. पोराला मी समज दिली, चांगली खरमरीत दिली. दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन एजंटाकडे गेलो. बापानं बोर्ड करून द्यायचं कबूल केलं आणि नारळ पुढे ठेवला. एजंट नारळ घेताना मला म्हणाला, "साहेब, मी तर पहिलेच सांगून राहिलो होतो." मी म्हटलं, "म्हणून तर तुमी लॉकअपमध्ये गेले नाहीत." पोरगा आजही त्याच मिलमध्ये आहे, आता मशीनवरचा मिस्त्री झाला आहे. डबे चालू आहेत. फ्लेक्स त्यांच्या गोठ्यापाशी कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुशावर, झाकायला आहे, विमानाची बाजू वर.

पत्रांची उत्तरं नंतर सवडीनं आली. त्यात सगळं होतं, अकोलाही होतं. मी ती फाइलला लावली. नंबर खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्या नंबरावर कधीतरी एक कोड आला होता, एवढंच तो सांगत होता. बाकी सगळं आपणच त्याच्यात वाचत होतो. त्यानंतर माझ्या नोकरीत नंबरांच्या, खात्यांच्या पुष्कळ केसेस आल्या. नवीन आलेले अधिकारी पहिल्यांदा विचारायचे, सर, नंबर कुठला आहे? मी त्यांना म्हणायचो, तेही काढा, जरूर काढा. पण आधी एक चौकशी करून या, हा माणूस जेवतो कुठं आणि त्याच्यासाठी कोण जेवायचं थांबलं आहे.